ऋषीची भाजी आणि गोगलगाय

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण लहानपणापासून आपल्या कानांवर पडत आलेली आहे. दिसावयास गरीब, पण आतून पक्का, अशा माणसास उद्देशून ती योजतात. प्राणिशास्त्रज्ञांनीही या प्राण्याच्या वर्गास 'उदरपाद' असेच नाव दिले आहे. तेव्हा म्हण रचणाऱ्याची नजर शास्त्रज्ञाइतकीच सूक्ष्म होती, यात शंका नाही. परंतु निरीक्षण अचूक असले, तरी त्यावरून काढलेले अनुमान न्यायाचे नाही. गोगलगाय काहीच लपवीत नाही. जिथून जाईल तिथे ती चकचकीत रेघ मागे ठेवून जाते. इतका प्रामाणिक चोर दुसरा कोणता असेल? ज्याचे पाय खरोखरीच पोटात आहेत असा प्राणी शोधावयाचा, तर तो रात्री हातात विजेरी आणि मुठीत मीठ घेऊन परसात उतरणारा गृहस्थ होय, असे आम्हांस गेल्या श्रावणात वाटू लागले. प्रसंग क्षुल्लक होता. परंतु त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो तितका क्षुल्लक नाही, म्हणून तो वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहो.

आमचे घर पेणचे. पेण काय किंवा रोहे काय, एकीकडे भोगावती, दुसरीकडे कुंडलिका, पाठीशी सह्याद्रीच्या रांगा आणि समोर खाड्यांचा सपाट मुलूख. या पट्ट्यात वर्षास 3000 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. अशा वेळी ज्याच्या घरामागे चार हात मोकळी जमीन आहे, तो मांडवावर पडवळ, शिराळी, काकडी चढवितो, खाली भेंडी, माठ, चवळी लावतो, आणि सांडपाण्याच्या वाटेवर अळू आपोआप माजते. आमच्या घरी या परसबागेस आणखी एक कारण आहे. आमच्या मातोश्री ऋषिपंचमीचे व्रत गेली पुष्कळ वर्षे करीत आल्या आहेत. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या या व्रतात बैलाच्या श्रमाचे अन्न खावयाचे नाही, नांगरलेल्या जमिनीतले धान्य वर्ज्य करावयाचे, आणि माणसाने स्वतःच्या हाताने लावलेल्या भाजीवर तो दिवस काढावयाचा, असा नेम आहे. त्या दिवशीची 'ऋषीची भाजी' म्हणजे कोकणातल्या परसाचा जणू वार्षिक हिशेबच. तिच्यात अळू, माठ, पडवळ, शिराळी, भेंडी, भोपळा यांपैकी जे जे पिकले असेल ते ते एकत्र शिजते.

या नेमामागची कल्पना आम्हांस फार मोठी वाटत आली आहे. वर्षातून निदान एक दिवस तरी माझ्या घासासाठी दुसऱ्या प्राण्याच्या मानेवर जू नको, असे ज्या समाजातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळले, त्या समाजास अहिंसेचा पाठ पुस्तकातून शिकण्याचे फारसे कारण नव्हते.

परंतु गेल्या श्रावणात या निष्पाप भाजीचा दुसरा हिशेब आमच्या नजरेस आला. पावसाची झड पाच-सहा दिवस न थांबता लागली, आणि एका सकाळी पाहतो तो काकडीची बारा रोपे देठापाशी कातरलेली, माठाच्या पानांची चाळण झालेली, आणि मातीवर सर्वत्र वाळलेल्या डिंकासारख्या चमकत्या रेघा. रात्री विजेरी घेऊन गेलो तेव्हा चोर सापडले. शंख पाठीवर वाहणाऱ्या थोड्या होत्या. बहुतेक बिनशंखाच्या, काळपट, चपट्या, पाठीच्या मधोमध फिकट रेघ असलेल्या. आम्ही स्वयंपाकघरात जाऊन मिठाची बरणी आणली. मीठ पडताच त्या प्राण्याच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाऊ लागले. तो आखडला, पुन्हा लांबला, अंगातून फेस सोडीत वळवळत राहिला. हे लवकर संपले नाही. दहा-बारा गोगलगाईंचा असा निकाल लावून आम्ही विजयी मुद्रेने वळलो, तो मागे पडवीत मातोश्री उभ्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अरे, मारायचीच असेल तर एका घावात मार. तिला मिठात कशाला लोळवतोस? आणि ही भाजी तू मला ऋषिपंचमीला वाढणार!"

त्या रात्री आम्हांस झोप उशिरा लागली. बैलाचे श्रम टाळून उगवलेली भाजी जर पन्नास गोगलगाईंच्या मरणावर उभी असेल, तर ती ऋषीची कशी? आणि गोगलगाईस न मारावे, तर भाजीच नाही. मग ऋषींनी खावे काय?

या प्रश्नास दोन उत्तरे ताबडतोब सुचतात. पहिले असे की, हा एक क्षुद्र किडा. त्याच्या मरणाचा विचार तो काय करावयाचा? या उत्तराचा जोर सगळा 'क्षुद्र' या शब्दावर आहे. गोगलगाईस वेदना होते की नाही, याविषयी शास्त्रज्ञांचे एकमत अद्यापि झालेले नाही. परंतु त्यांचे प्रयोग आपल्या बेफिकिरीस अनुकूल नाहीत. तापलेल्या पृष्ठभागावर ठेवलेली गोगलगाय अंग उचलून घेते, आणि तिला अफूतले मॉर्फीन दिले असता ती उशिराने उचलते, असे 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. ब्रिटनमध्ये 2022 साली प्राण्यांच्या संवेदनशीलतेविषयी जो कायदा झाला, त्यात गोगलगाईचे दूरचे भाऊबंद ऑक्टोपस यांस स्थान मिळाले. गोगलगाय बाहेर राहिली. ती आत यावयास हवी होती की नव्हती, हे ठरविणे आमचे काम नव्हे. जिथे संशय आहे, तिथे त्याचा फायदा दुबळ्यास द्यावा, एवढे तरी न्यायाच्या कोणत्याही पद्धतीस मान्य व्हावे.

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट. सर्वांभूती एकच आत्मा, तिचीही भूक खरी, खाऊ द्यावे. हे उत्तर ऐकावयास गोड आहे, आणि ज्याला भाजी बाजारातून आणता येते त्याच्या तोंडी ते विशेष गोड वाटते. 2022 सालच्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव या भागांत शंखी गोगलगाईंनी उगवलेले सोयाबीन फस्त केले, आणि कित्येक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. कर्ज काढून पेरलेल्या शेतात पहाटे उभ्या राहणाऱ्या माणसास 'खाऊ द्यावे' म्हणून सांगणे, ही अहिंसा नव्हे. दुसऱ्याच्या ताटातून केलेला दानधर्म होय. आमची बारा रोपे गेली तर आम्ही पेणच्या बाजारात जाऊ. त्याचे शेत गेले तर तो कोठे जाईल? म्हणून आम्ही येथे जे लिहीत आहो ते मुख्यतः आमच्यासारख्या परसवाल्यांस उद्देशून आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

या दोन उत्तरांच्या मधून हल्ली तिसरे एक उत्तर निघाले आहे, आणि सुशिक्षित घरांतून ते फार लोकप्रिय आहे. विष नको, नैसर्गिक उपाय करा, म्हणजे भाजीही वाचेल आणि मनही स्वच्छ राहील, असे ते उत्तर. आम्हीही काही दिवस त्याच पक्षाचे होतो. परंतु 'नैसर्गिक' या शब्दाच्या पोटात किती पाय आहेत, ते एकदा मोजून पाहिले पाहिजे.

मीठ नैसर्गिकच आहे. आमच्या पेणच्या खाडीकाठची मिठागरे तर पूर्वीपासून प्रसिद्ध. परंतु त्या मिठाने जे मरण येते ते आम्ही वर सांगितलेच. शिवाय ते जमिनीत उतरून झाडाच्या मुळांशी वैर करते. खारेपाटातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून समुद्राचे खारे पाणी भातशेतीबाहेर थोपवून धरले. त्यांच्याच मुलुखात राहून आपण आपल्या हाताने वाफ्यात मीठ पेरावे, हे त्या बांध घालणाऱ्यांनी पाहिले असते तर त्यांनी कपाळास हात लावला असता.

राख, चुन्याची भुकटी, अंड्यांची टरफले यांची रेघ रोपाभोवती ओढावी, म्हणजे गोगलगाय ती ओलांडीत नाही, असे सांगतात. या उपायात मरण नाही, म्हणून तो मनास सर्वांत अधिक रुचतो. परंतु राख आणि चुना कोरडे असतील तोवरच बोचतात, आणि श्रावणातल्या आमच्या परसात कोरडे ते काय असणार? पहिल्या सरीबरोबर सीमारेषा वाहून जाते. टरफलांची कथाही फारशी निराळी नाही. इंग्लंडातील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने लेट्यूसच्या 108 रोपांवर तांब्याची पट्टी, खडी, झाडाची साल, लोकरीच्या गोळ्या आणि अंड्यांची टरफले असे पाच अडथळे लावून पाहिले. 2018 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, अडथळा असलेल्या व नसलेल्या रोपांच्या नुकसानात फरक दिसला नाही. आणि समजा, आमची रेघ टिकली. तरी भुकेली गोगलगाय उपाशी राहून प्राण सोडणार नाही, शेजाऱ्याच्या वाफ्यात जाईल. आपले संकट कुंपणापलीकडे ढकलून मन स्वच्छ ठेवणे, ही युक्ती माणसांच्या व्यवहारातही पुष्कळ चालते; तिला आपण पुण्य मात्र म्हणत नाही.

आता विषाची गोष्ट. मेटाल्डिहाइड नावाच्या औषधाच्या गोळ्या आपल्याकडेही मिळतात. त्या टाकणे फार सोपे. संध्याकाळी चार गोळ्या टाकाव्या आणि घरात येऊन जेवावयास बसावे. परंतु गोळी ज्याच्यासाठी टाकली तोच ती खाईल, असा करार तिने केलेला नसतो. कुत्र्यास, पाखरास ती बाधते, आणि पाण्याबरोबर वाहतही जाते. या कारणांसाठी ग्रेट ब्रिटनमध्ये 2022 सालापासून तिचा उघड्यावरील वापर बंद झाला. लोहाच्या फॉस्फेटच्या गोळ्या इतरांस कमी अपाय करतात, म्हणून सेंद्रिय शेतीवाले त्या वापरतात. परंतु गोगलगाय त्यांनीही मरतेच, आणि 'सेंद्रिय' या शब्दाने तिचे मरण काही मऊ होत नाही.

चौथा मार्ग शत्रूकरवी शत्रूचा नाश करण्याचा. आमचे एक स्नेही रोह्यास कुंडलिकेच्या बाजूस राहतात. त्यांनी चार बदके पाळली आहेत, आणि पावसाळ्यात सकाळी ती वाफ्यांच्या कडेने सोडली की रात्रीच्या चोरांचा पत्ता लागत नाही, असे ते अभिमानाने सांगतात. "आम्ही एकही मारीत नाही," असेही ते सांगतात! महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याधही स्वतः मारीत नसे. दुसऱ्यांनी मारलेल्या प्राण्यांचे मांस तो विकीत असे. परंतु आपले कर्म घोर आहे, हे त्याने कौशिक ब्राह्मणापासून लपविले नाही. आमच्या स्नेह्यांच्या बदकांविषयी आमची तक्रार नाही. त्यांच्या त्या वाक्याविषयी आहे.

बदके तरी आपण आणून सोडतो. न सोडता येणारे मित्र आपल्या परसात आधीपासूनच आहेत. कुंपणाच्या झुडपांतून राजासारखा चालणारा भारद्वाज, ज्यास आपल्याकडे कुंभारकावळा म्हणतात, तो गोगलगाई आवडीने खातो. बेडूकही त्याच कामाचे. आणि वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल, पण जेठ महिन्याच्या अंधाऱ्या रात्री सह्याद्रीच्या पायथ्याशी ज्या काजव्यांचा दीपोत्सव पाहावयास लोक दुरून येतात, त्यांचे बालपण बहुतांशी गोगलगाईंवर पोसलेले असते. काजव्याची अळी गोगलगाईस दंश करून बधिर करते, तिचे मांस विरघळविते आणि शोषून घेते. ज्या प्रकाशावर आपण कविता करितो, त्याचे तेल हे आहे. निसर्ग निष्पाप आहे असे मानून त्याच्या आड लपू पाहणाऱ्यास हा काजवा पुरेसे उत्तर आहे. आणि त्या निसर्गाची उसनवारी आंधळेपणाने केली तर काय होते, हे दक्षिण पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाने पाहिले. आफ्रिकी गोगलगाईचा बंदोबस्त करावा म्हणून 1977 साली तिथे एक मांसाहारी गोगलगाय सोडण्यात आली. तिने पाहुणीस सोडले, आणि त्या बेटाच्या स्वतःच्या चिमुकल्या गोगलगाईंचा फडशा पाडला. ती आफ्रिकी पाहुणीही कोठेच आपण होऊन गेलेली नाही. हिंदुस्थानात ती आली, ती 1847 साली बेन्सन या इंग्रज अभ्यासकाने मॉरिशसहून कलकत्त्यास आणल्यामुळे. गोगलगाय चालते सावकाश. तिला जगभर पळविले ते माणसाने.

मग करावे काय? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरी पाच खाटिकखाने सांगितले आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर. त्या ग्रंथातले पुष्कळ काही आज आम्हांस मान्य नाही. परंतु ही पंचसूनांची कल्पना मात्र सत्य बोलण्याचे धैर्य दाखविते. जे घर आपण पवित्र मानतो, ज्या चुलीवर नैवेद्य शिजतो, तिथेच रोज हत्या होते, हे शास्त्रकाराने गृहस्थाच्या तोंडावर सांगितले. त्याने चूल बंद करा असे म्हटले नाही. हत्या होत नाही असेही म्हटले नाही. रोज पाच यज्ञ करा, त्यांत भूतमात्रांचा वाटा काढा, असे तो म्हणाला. धर्मव्याधाचेही म्हणणे हेच, की नांगराच्या फाळाखाली किती जीव जातात ते पाहा. हिंसेवाचून जगणारा कोणी नाही. यत्नाने ती कमी मात्र करिता येते.

आपल्या काळातही विचारवंतांनी हीच वाट धरिली. शेतात राहणाऱ्यास पीक राखण्यासाठी अपरिहार्य तेवढी, कमीत कमी हिंसा करावीच लागेल, आणि देशात दुष्काळ असता अहिंसेच्या नावाखाली पीक खाऊ देणे हे पापच, अशा आशयाचे गांधीजींनी 1946 साली 'हरिजन' पत्रात लिहिले. आणि आमच्याच पेण तालुक्यातल्या गागोद्यास 1895 साली जन्मलेल्या विनोबांनी 1950 च्या सुमारास पवनारास बैलांवाचून, केवळ हाताच्या श्रमाने शेती करून पाहिली. तिला त्यांनी नाव दिले 'ऋषिखेती'. आमच्या मातोश्रींचे व्रत आणि त्यांच्या तालुक्यातल्या या पुत्राचा प्रयोग एकाच झऱ्याचे पाणी प्यायलेले आहेत.

या सर्वांचा विचार करून आम्हांस जे वाटते ते थोडक्यात असे. नैसर्गिक उपाय चांगले खरे. पण त्यांत रक्त नसते म्हणून नव्हे. त्यांत करणाऱ्याचा हात कृत्यापासून तुटत नाही, आणि कृत्य आपल्या वाफ्याबाहेर वाहून जात नाही, म्हणून ते चांगले. गोळी टाकणाऱ्यास आपण किती मारले हे कधी कळत नाही. ज्याला वेचावे लागते त्यास मोजावे लागते, आणि ज्याला मोजावे लागते तो उगाच मारीत नाही.

यंदा आमच्या परसात याप्रमाणे वागून पाहिले. दिवसा गोगलगाई ज्यांखाली दडतात त्या फुटक्या कुंड्या, कुजके ओंडके आणि पालापाचोळा वाफ्याजवळून हलविला, आणि काकडीची रोपे ओट्यावर वाढवून, देठ निबर झाल्यावरच खाली लावली. एवढ्यानेच अर्धे भांडण मिटले. उरलेल्यासाठी शेतकऱ्यांस सांगितला जाणारा गोणपाटाचा उपाय केला. गुळाच्या पाण्यात भिजविलेले गोणपाट संध्याकाळी वाफ्यांमध्ये पसरावे. पहाटे त्याखाली सर्व मंडळी जमलेली सापडतात. त्यांस चिमट्याने किंवा हातमोजे घालून वेचावे, कारण गोगलगाईंच्या अंगात माणसास बाधणारे जंत असू शकतात. याच कारणाने पालेभाजीही नीट धुऊन घ्यावी. वेचलेल्यांस मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा, असे सांगतात. आम्ही ते केले नाही. मातोश्रींची आज्ञा स्मरून दगडाचा एक घाव. हे काम करिताना मन प्रसन्न राहत नाही, आणि राहू नये, असेच आम्हांस वाटते. कुंपणाची झुडपे मात्र तोडली नाहीत, आणि आडबाजूस माठाचा एक वाफा मोकळा सोडला. तिथे जे येईल ते ज्याचे त्याचे.

ऋषिपंचमीच्या सकाळी मातोश्री भाजी निवडावयास बसल्या. आम्ही टोपलीतली भोके पडलेली पाने बाजूला काढू लागलो, तेव्हा त्यांनी आमचा हात धरला. "राहू देत," त्या म्हणाल्या. "गोग्रास काढतो ना आपण? हा गोगलगाईचा. तिने आधी घेतला, एवढंच." त्यांनी ती पाने धुतली आणि चिरून भाजीत टाकली.